थंडीच्या दिवसांत जनित्राची निगा

ग्वाल्हेरच्या परिसरात पौष-माघात रात्रीचे तापमान कित्येकदा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. अशा रात्री वीज खंडित झाली, की प्रसूतिकक्षातील नवजात बालकाला ऊब देणारे उपकरण सर्वस्वी जनित्रावर अवलंबून राहते. एरवी कोपऱ्यात पडून असलेले हे यंत्र नेमके त्याच वेळी सुरू होत नाही, असा अनुभव येतो.

याचे कारण बहुधा इंजिनात नसून बॅटरीत असते. थंडीमुळे बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उलट वंगण तेल दाट झाल्याने इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. म्हणून बॅटरीचे टर्मिनल स्वच्छ व घट्ट ठेवावेत. पाणी घालावयाची बॅटरी असल्यास आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने तपासावे. पूर्ण भारित बॅटरीत ते १.२६ ते १.२८ असते.

डिझेलकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भारतीय मानकानुसार उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंत, तर हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत गाळणीतून वाहिले पाहिजे. त्याखाली इंधनातील मेणाचे कण गाळणीत अडकू शकतात. वैशाखात भरून ठेवलेला साठा म्हणूनच थंडीपूर्वी वापरून संपवावा. नंतर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास जनित्र प्रत्यक्ष भारावर चालवावे. नुसते रिकामे फिरविणे ही तपासणी नव्हे. मात्र गारठ्याच्या भीतीने ते खोलीत आणून दारे लावू नयेत. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.