यवतेश्वरचा चढ आणि मनातली शंका

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर! आकडा ऐकूनच चाळिशीतला माणूस म्हणतो, ‘हे आपलं काम नव्हे.’ बायकांना तर हे वाक्य दुसऱ्यांनीच आयतं पुरवलं. १९६६ साली बोस्टन मॅरेथॉनच्या आयोजकांनी बॉबी गिब यांना, बायकांना एवढं पळणं झेपणार नाही, असं कळवून प्रवेश नाकारला. त्या झुडपाआडून शर्यतीत शिरल्या आणि ३ तास २१ मिनिटांत पोचल्यासुद्धा. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला मात्र १९८४ उजाडलं.

दारं उघडली तरी मनातली शंका तेवढ्याने जात नाही. साताऱ्यात २०१२ साली सुरू झालेल्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये ती यवतेश्वरच्या घाटात गाठते. जातानाचा पल्ला बहुतेक चढाचाच. छाती भरून येते, शेजारून साठीचे आजोबा आरामात पुढे निघून जातात. अशा वेळी खुशाल चालावं. चालल्याबद्दल कोणी बाद करत नाही. ठरलेल्या वेळेत पोचलं की झालं. श्वास जागेवर आला की पुढच्या झाडापर्यंत पुन्हा पळावं.

अर्थात आधी डॉक्टरांचा सल्ला आणि तीन-चार महिन्यांचा सराव हवाच. (महागड्या बुटांची चर्चा तूर्त दुकानदारांवर सोडावी.) आणि परतीच्या उतारावर हुरळून सुसाट सुटू नये. गुडघे तिथंच कुरकुरतात.