कानोसा आणि कानठळ्या

भाची दहा मीटरच्या एअर रायफलवरून पन्नास मीटरच्या पॉइंट टू टू रायफलवर गेली, त्या आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्यायचेत. कोणते घेऊ? गोळी सुटली की ते आपोआप बंद होतात म्हणे."

होतात. पण कान त्यामुळे वाचत नाहीत. हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. उत्तर शोधता शोधता मी त्या एवढ्याशा यंत्राच्या अक्षरशः प्रेमात पडले.

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर तिच्या सरांनी आपले इअरमफ माझ्या डोक्यावर चढवले. आधी बटण बंद होतं. कानात दडे बसावेत तसं जग दूर गेलं. मग त्यांनी बटण फिरवलं आणि सगळं परत आलं, पूर्वीपेक्षा जवळ. चटईवर कोणाचं तरी कोपर सरकलं, ते ऐकू आलं. काडतुसांच्या डबीचं झाकण निघालं. चार लेन पलीकडे एक मुलगी श्वास सोडत होती, तो श्वाससुद्धा. आणि मग गोळी सुटली. मला ऐकू आला तो फक्त एक ठप्प, जाड पुस्तक गादीवर पडावं तसा. लगेच मागोमाग रिकामी पुंगळी सिमेंटवर टिण्णकन वाजली, आणि ती मात्र अगदी लख्ख.

धमाका दबलेला आणि पुंगळी लख्ख, हे एकाच क्षणी कसं जमतं?

आधी आपल्या कानाची करामत बघू. ऐकू येण्याच्या अगदी सीमेवरचा आवाज कानाचा पडदा किती हलवतो, तर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी. त्या सीमेला शून्य डेसिबल म्हणतात. पुढे दर वीस डेसिबलला हवेतल्या ध्वनीचा दाब दहापट होतो. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास. पॉइंट टू टू त्यातल्या त्यात सौम्य, तिचा धमाका १४० च्या अलीकडे-पलीकडे. शिकारीच्या मोठ्या रायफली १६० च्याही पुढे जातात. बोलणं ६० आणि रायफल १६०, म्हणजे पाच वेळा दहापट, दाबात एक लाख पट. असा एकच बार कायमची इजा करून जाऊ शकतो. 'कानठळ्या बसणे' हा आपला शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी नेमका आहे.

कानाच्या आत शंखासारख्या वळलेल्या नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाचं विजेत रूपांतर होतं ते त्यांच्यामुळे. कोंबडीच्या केसपेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. १९८० च्या दशकात हे कळलं, तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले होते. माणसाच्या उगवत नाहीत. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच. बंदुकीनं दुखावलेला कान बहुतेकदा चार हजार हर्ट्झच्या आसपास खचतो, आणि 'स', 'श'सारख्या व्यंजनांची धार याच वरच्या पट्टीत असते. माणूस बोलतोय हे कळतं, पण साठ म्हणाला की आठ, ते कळत नाही. उजव्या हातानं रायफल चालवणाऱ्याचा आधी डावा कान जातो. उजवा कान दस्त्याकडे झुकलेला, डोक्याच्या आडोशाला असतो आणि डावा नळीच्या तोंडाकडे उघडा.

निसर्गानं संरक्षण दिलेलं नाही असं नाही. मधल्या कानात रिकीब नावाचं, जेमतेम तीन मिलिमीटरचं, शरीरातलं सर्वांत लहान हाड आहे. त्याला ओढून धरणारा एक चिमुकला स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो आकसतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. वटवाघळं आपल्या प्रत्येक चीत्काराच्या आधी असे स्नायू आवळतात. एका जर्मन मोटार कंपनीनं तर अपघात अटळ दिसताच गाडीत क्षणभर खळखळाट वाजवून हा स्नायू आधीच जागा करण्याची सोय २०१६ पासून दिली आहे. बंदुकीपुढे मात्र तो हरतो. त्याला नीट आकसायला शंभरेक मिलिसेकंद लागतात, आणि धमाक्याचा घातक कळस मिलिसेकंदाच्या आतच चढून जातो. स्नायू दार लावतो तोवर चोर पसार झालेला असतो.

मग यंत्र काय करतं? माझी समजूत भाचीसारखीच होती, की ते वीजवेगानं दार लावत असणार. प्रत्यक्षात दार सतत लावलेलंच असतं. कानावरची ती प्लास्टिकची वाटी, आतला फोम आणि कडेची मऊ गादी मिळून एक भिंत होते, आणि धमाका अडवते ती ही भिंतच. इलेक्ट्रॉनिक्सचं काम नेमकं उलटं आहे. बाहेरचा माइक हळू आवाज टिपतो आणि वाटीच्या आतला इवलासा स्पीकर तो पुन्हा वाजवतो. त्या स्पीकरला मर्यादा घातलेली असते, बहुतेक ८२ ते ८५ डेसिबलची. बाहेर काहीही कोसळो, तो त्याच्या वर बोलत नाही. ठप्प ऐकू आला तो भिंतीतून झिरपलेला धमाका होता, आणि पुंगळी ऐकू आली ती स्पीकरकडून. म्हणूनच बॅटरी संपली तरी कान सुरक्षित राहतो. आपण बहिरे होतो, ते तात्पुरते.

इतकं कळलं की खरेदीचं निम्मं कोडं सुटतं. पैसे आधी भिंतीला द्यायचे, मग माइक-स्पीकरच्या खिडकीला.

भिंतीची ताकद खोक्यावर छापलेली असते. अमेरिकन आकड्याला एनआरआर म्हणतात, युरोपीय आकड्याला एसएनआर. दोन्ही पद्धती वेगळ्या असल्यामुळे एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर समोरासमोर ठेवू नयेत. शिवाय तो प्रयोगशाळेतला आकडा. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेनं १९९८ मध्ये सल्ला दिला होता की इअरमफच्या आकड्यातून पाव भाग वजा करावा आणि कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांच्या आकड्यातून निम्मा. २२ चा मफ प्रत्यक्षात साडेसोळाचा धरायचा. बोळ्यांना एवढी मोठी सूट, कारण ते नीट घालणारे थोडेच. बोळा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुलेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. भाचीला हे शिकायला तीन दिवस लागले.

भिंतीला भगदाड पाडते ती चष्म्याची काडी. रेंजवर चष्मा हवाच, आणि जाड काडी गादीखाली फट करते. फट छोटी, पण आवाजाला तेवढी पुरते. बारीक काडी आणि जेलची गादी यावर पैसे घालवावेत असं माझं ठाम मत आहे. ब्लूटूथवर अजिबात घालवू नयेत. रायफलवाल्यांनी वाटीची जाडीही पाहावी. गाल दस्त्याला टेकला की जाड वाटी लाकडावर आपटते, मफ उचकटतो, पुन्हा फट. पिस्तुलवाल्यांना ही अडचण नाही, त्यांनी खुशाल जाडजूड घ्यावेत.

खिडकीत पाहायचं ते एवढंच, की दोन्ही वाट्यांवर स्वतंत्र माइक हवा. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदू ओळखतो ते दोन कानांमधल्या फरकावरून. एका कानाला तो दुसऱ्यापेक्षा फार तर सेकंदाच्या सात दशसहस्रांशानं आधी पोचतो. एकाच माइकचा आवाज दोन्हीकडे वाजवला तर हा फरक पुसला जातो. पुढून की मागून, हे मात्र चांगल्या मफमध्येही फसतं, कारण ते ओळखायला मदत करतात कानाच्या पाळीच्या वळ्या, आणि त्या वाटीखाली झाकलेल्या असतात.

ही खिडकी सर्वांत मोलाची कुठे, तर शिकारीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे ती वाट बंद होत गेली. पण स्वीडनमध्ये शरद ऋतूतली मूसची शिकार हा गावाचा सामूहिक कार्यक्रम असतो. अशा मफचे दोन नामांकित कारखाने, पेल्टर आणि सोर्डिन, त्याच देशातल्या वार्नामो या एकाच लहान गावातले. शिकारी आपापल्या ठाण्यावर तासन् तास कानोसा घेत उभे असतात. फांदी मोडली का, कुत्रा एका जागी थांबून भुंकतोय की पळत, रेडिओवर कोण काय कुजबुजतंय. कान झाकला तर कानोसा जातो, आणि उघडा ठेवला तर बारानंतर कानठळ्या. शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी कानोसा निवडला आणि म्हातारपणी त्याची किंमत मोजली. निवडच करावी लागू नये अशी सोय या खिडकीनं पहिल्यांदा केली, आणि मला ती मोठीच गोष्ट वाटते.

छपराखालच्या बंदिस्त रेंजवर, किंवा मोठ्या रायफलीसाठी, एकट्या मफवर भागत नाही. आत बोळे, वर मफ. आकड्यांची बेरीज मात्र करायची नाही. दुसऱ्या थरानं साधारण पाच डेसिबलचीच भर पडते. आणि कान कितीही बुजवा, चाळीस-पन्नास डेसिबलनंतर आवाज कवटीच्या हाडातूनच आत येतो. इथे एक झकास युक्ती आहे. बोळे घालून मफचा आवाज वाढवायचा. सरांचं बोलणं बोळ्यांतूनही पोचतं, आणि धमाक्याला दोन भिंती.

हे सगळं सांगून झाल्यावर सरांनी एक गोष्ट सांगितली, जी मला आधी कळायला हवी होती. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सामन्यात खेळाडूला असे इलेक्ट्रॉनिक मफ वापरताच येत नाहीत. ज्या यंत्रातून ऐकू येतं त्यातून सल्लाही येऊ शकतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरचं कांस्य मिळवलं, त्या खेळाचाही नियम हाच.

मग भाचीसाठी दोन वस्तू घेतल्या. सामन्यासाठी साधे, वीज नसलेले मफ. आणि सरावासाठी बारीक वाटीचे, दोन माइकचे इलेक्ट्रॉनिक, कारण सराव म्हणजे निम्मं सरांचं ऐकणं. घरी आल्याआल्या तिनं ते चढवले, बटण पूर्ण फिरवलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. "मावशी," ती कुजबुजली, "खाली आजी शेंगा सोलतेय. मोजू का किती?"