शेळीला करडं किती?

"उस्मानाबादी शेळीला पाय किती?" असं विचारलं तर वर्ग हसेल. चार! विषय संपला. आता विचारा, "उस्मानाबादी शेळी एका वेताला करडं किती देते?" बघा कसा गलका होतो. कुणी म्हणेल दोन, कुणी म्हणेल आमच्या पहिलारूला एकच झालं, तर मागच्या बाकावरून कुणी ओरडेल, "सर, आमच्या काळीला तीन झाली!" आणि तिघंही खरं बोलत असतात.

जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. जुळ्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. पण प्रत्येक वेताला जुळीच होतात असं थोडंच आहे? पहिल्या वेताला एकच करडू होण्याचा संभव जास्त, पुढच्या वेतांत जुळी वाढतात. उत्तरं वेगवेगळी येणार हे ज्या प्रश्नात आधीच गृहीत धरलेलं असतं, तो संख्याशास्त्राचा प्रश्न. "काल आमची शेळी किती व्याली?" याचं उत्तर गोठ्यात डोकावलं की मिळतं. "आमच्या गावातल्या शेळ्यांनी गेल्या वेताला किती किती करडं दिली?" यासाठी मात्र वही घेऊन गावभर हिंडावं लागतं.

समजा, पोरांनी दहा शेळ्यांची माहिती आणली. चौघींना एकेक, पाच जणींना जुळी, एकीला तीन. एकूण सतरा, म्हणजे सरासरी 1.7. आता सांगा, एक पूर्णांक सात दशांश करडं कुठल्या शेळीने दिली? एकीनेही नाही! तरीही हा आकडा दहाही जणींबद्दल काहीतरी खरं सांगतो. नववीच्या गणितात मध्य, मध्यक, बहुलक शिकवतात, पण हे आश्चर्य वाटण्याआधीच सूत्र फळ्यावर उतरलेलं असतं. माझ्या मते आधी भांडण लागू द्यावं, सूत्र मागून यावं.

पुढचा पेच आणखी मजेदार आहे. माहिती कुणाकडून आणायची? आठवडी बाजारात एका फेरीत पन्नास शेळ्या भेटतील. पण जी शेळी दर वेताला जुळी देते, तिला मालक बाजारात कशाला आणेल? आणि विकायला आणलीच, तर म्हणणार, "आमची जुळ्याबिगर वीतच नाही!" शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. शेळ्यांचं तसं नसतं, आणि शेतांचंही नसतं.

शेतांचं कोडं सोडवणाऱ्यांत आघाडीवर होते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सगळ्या शेतांतलं पीक मोजणं अशक्य, म्हणून काही शेतं निवडायची. तीही मर्जीने नव्हे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. मग त्या शेतात दोरीने एक तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. 1940च्या दशकात सुखात्म्यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे आखून पाहिलं, तर चमत्कार! तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न जास्त दिसायचं. जमीन तीच, पीक तेच. हे जास्तीचं धान्य आलं कुठून?

दोरीपाशी. दोरीला खेटून असलेलं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. आता हिशेब करा. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्याला चार मीटर दोरी लागते. दहा बाय पाचच्या तुकड्याला तीस मीटर, पण क्षेत्र पन्नास चौरस मीटर. म्हणजे लहान तुकड्यात दर चौरस मीटरमागे चार मीटर काठ, मोठ्यात जेमतेम साठ सेंटिमीटर! लबाडी कुणीच केली नव्हती, तरी लहान तुकडा भाबडेपणाने फुगवून सांगत होता.

धाराशिवमध्ये हा कोरडा किस्सा नाही. इथलं सोयाबीन पदरात पडलं नाही, तर पीकविम्याचा निर्णय महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर अवलंबून असतो, आणि ती सरासरी ठरवण्यात अशाच पीक कापणी प्रयोगांचा मोठा हात असतो. तेव्हा यंदा मंडळाचा आकडा जाहीर झाला की घरातल्या नववीच्या पोराला पुढे करा आणि विचारायला लावा: शेतं कशी निवडली, किती निवडली, आणि तुकडा केवढा होता?