पंधरा सेकंदांचा पुरावा

जीपीआर३० हा रिसेप्टर बायकार्बोनेटला प्रतिसाद देतो, असं टोकियोच्या जुन्तेन्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. बायकार्बोनेट म्हणजे रक्ताची आम्लता सांभाळणारं, खाण्याच्या सोड्यातही असणारं तेच. हा रिसेप्टर तोवर पेशीपटलावरचा इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणून गाजत होता. २००७ मध्ये त्याला जीपीईआर हे नावही त्याच कामावरून मिळालं. मग आता पेशीपटलावरच्या इस्ट्रोजेनची गोष्टच निकालात निघाली का? मुळीच नाही. ती गोष्ट जीपीआर३०पेक्षा जुनी आहे, आणि तिचं श्रेय संशोधक क्लारा सेगो यांना हवं तेवढं कधीच मिळालं नाही.

पाठ्यपुस्तकातला मार्ग सगळ्यांना माहीत आहे: इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, केंद्रकातल्या रिसेप्टरला चिकटतं, जनुकं कामाला लागतात, प्रथिनं तयार होतात. याला वेळ लागतो. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला सेगो आणि त्यांच्या सहकारी डेव्हिस यांनी उंदरांना शिरेतून इस्ट्रोजेन टोचलं. अवघ्या १५ सेकंदांत गर्भाशयातलं सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू, वाढलेलं दिसलं. एवढ्यात जनुक वाचून प्रथिन बनूच शकत नाही. निरोप माजघरात पोचायच्या आधीच ओसरीवरच्या कुणीतरी ऐकला होता.

सेगो तिथेच थांबल्या नाहीत. १९७७ मध्ये सहकारी पिएत्रास यांच्यासोबत त्यांनी इस्ट्रोजेन नायलॉनच्या धाग्यांना रासायनिक बंधांनी पक्कं जखडलं. धाग्याला बांधलेला रेणू पेशीत शिरणार कसा? तरीही गर्भाशयाच्या पेशी त्या धाग्यांना येऊन चिकटल्या. किती साधा आणि किती देखणा प्रयोग!

जीपीआर३० पुढे आला तो २००० मध्ये, संशोधक फिलार्डो यांच्या कामातून. २००५ मध्ये एका गटाला तो पेशीपटलावर सापडला, दुसऱ्याला पेशीच्या आत. काही प्रयोगशाळांना तर इस्ट्रोजेन त्याला चिकटताना दिसलंच नाही. त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांनाही पिल्लं झाली. वाद अजून मिटलेला नाही.

पण जीपीआर३० काहीही ठरला तरी सेगोंचं निरीक्षण अबाधित आहे. केंद्रकातला म्हणून ओळखला जाणारा इस्ट्रोजेनचा नेहमीचा अल्फा रिसेप्टरही थोड्या प्रमाणात पेशीपटलावर असतो. एक मेदाम्ल त्याला तिथे रोवून ठेवतं. २०१४ मध्ये उंदरांत या रिसेप्टरचं एकच अमिनो आम्ल बदलून हा खुंटा उपटला गेला. केंद्रकातलं काम चालू राहिलं, पण माद्या वंध्य निघाल्या.