नांव दिलेली नळी

आंतल्या गांठी फोडलेल्या वेळूची ओळख चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशांत करून द्यावी लागत नाहीं. एका टोकांत ओतलेलें पाणी दुसऱ्या टोकांतून निघतें. जें आधीं ओतलें, तेंच आधीं बाहेर येतें. संगणकांतील नळी याच न्यायानें चालते, आणि या क्रमावरूनच तिला ‘फायफो’ म्हणतात. एका प्रोग्रॅमनें लिहावें व दुसऱ्यानें वाचावें, ही सोय डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनीं १९७३ सालीं युनिक्स प्रणालींत केली.

परंतु त्या नळीस नांव नव्हतें. एकाच मूळ प्रोग्रॅमपासून निघालेल्यांनाच ती वापरतां येई. परक्या प्रोग्रॅमांची गांठ घालावयाची, तर नळीस फाईलींच्या यादींत नांव हवें. सी भाषेंत हें काम ‘एमकेफायफो’ हें फंक्शन करतें.

गडचिरोलींतील मेंढा-लेखा ग्रामसभेस २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. समजा, अशा एखाद्या ग्रामसभेच्या डेपोवर एक प्रोग्रॅम बंडलांच्या नोंदी लिहितो व दुसरा बेरीज करतो. फंक्शनला नळीचें नांव व परवानगीचा अंक सांगावा लागतो. ०६६६ म्हणजे सर्वांस वाचण्या-लिहिण्याची मुभा. परंतु ‘यूमास्क’ ०२२ असल्यास प्रत्यक्षांत ०६४४ मिळते, आणि मालकावांचून इतरांस लिहितां येत नाहीं. उत्तर शून्य आलें तर नळी तयार झाली. उणें एक आलें तर झाली नाहीं. त्या नांवाची फाईल आधींच असणें, हें त्याचें नेहमींचें कारण होय.

नळी झाली म्हणजे प्रवाह सुरू झाला, असें नव्हे. वाचणारा आपलें टोक उघडूं लागला कीं लिहिणारा येईपर्यंत थांबतो, लिहिणाराही तसाच. नवशिक्यास प्रोग्रॅम बिघडला असें वाटतें. वस्तुतः तो जोडीदाराची वाट पाहत असतो.

शिवाय, नळी ही कणगी नव्हे. नांव डिस्कवर दिसतें, पण मजकूर स्मृतींतूनच जातो. दोन्ही टोकें बंद होतांच न वाचलेलें सारें नाहींसें होतें. बेरीज करणारा मध्येंच बंद पडला, तर पुढली नोंद लिहितांच लिहिणाऱ्यास ‘सिगपाइप’ हा इशारा मिळतो. तो न हाताळल्यास लिहिणाराही संपतो, आणि नळींतल्या बंडलांचा हिशेब बुडतो. यास्तव ज्या नोंदीवर तोडणाऱ्यांची मजुरी अवलंबून असेल, ती प्रथम साध्या फाईलींत लिहावी व मगच नळींत सोडावी.