चेहऱ्यावरचे काय पुसावे, काय राखावे?

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविण्यात आले. डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून त्यास हे नाव मिळाले. आज तेथे संगणक-उद्योगाच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि तेथील नोकरदारांत मराठी कुटुंबेही आहेत. गावाकडून आणलेली आजीची तसबीर अशा घरांतूनही आढळते. दिवसभर ज्या यंत्रासमोर बसावयाचे, त्याच यंत्रावर ती तसबीर सुधारून घ्यावी, असा विचार सुटीच्या दिवशी मनात येणे स्वाभाविक आहे. वाचकहो, ही कला अवघड नाही. मात्र हात कोठे थांबवावा हे कळण्यास वेळ लागतो.

ही कला संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल यांनी हाताने सुधारलेली निगेटिव्ह मांडली होती. पुढे आपल्याकडील स्टुडिओंतही कारागीर टोकदार शिसपेन्सिलीने हे काम करीत. सुरकुतीची छाया निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तेथे पेन्सिल फिरविली की छापात सुरकुती फिकट होते. १९९० साली फोटोशॉप आले, १९९६ साली विनामूल्य मिळणारे गिम्प आले, आणि हे काम घरी बसून करता येऊ लागले.

प्रथम तसबीर ६०० डीपीआयवर स्कॅन करावी. मूळ फाईल जपून ठेवावी व तिच्या प्रतीवर, तीही वेगळ्या लेयरवर, काम करावे. ‘क्लोन’ हे साधन एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे उतरविते; ‘हीलिंग ब्रश’ शेजारच्या त्वचेचा पोत घेऊन त्यास त्या जागेच्या रंगाशी व उजेडाशी जुळवितो. म्हणून गालासाठी दुसरे साधन बरे, तर पदराच्या काठासाठी पहिले. ब्रश लहान असावा. चित्र मोठे करून काम करावे, पण अधूनमधून मूळ आकारात पाहावे. नाहीतर चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा होतो.

प्रत्येक डागापाशी एकच प्रश्न विचारावा : हा डाग कागदाचा, त्या दिवसाचा, की माणसाचा? घडी, बुरशी व ओरखडे कागदाचे; ते खुशाल काढावेत. पुटकुळी त्या दिवसाची. तीही गेली तर बिघडत नाही. परंतु तीळ, कपाळावरचे गोंदण आणि देवीचे व्रण माणसाचे असतात. देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण भारतात १९७५ साली आढळला. आजीच्या गालावरचे व्रण पुसले, तर ती त्या रोगातून वाचली होती ही गोष्टच नातवंडांपुरती पुसली जाईल.

सावळा रंग उजळण्याचा मोहही टाळावा. लग्नासाठी पाठवावयाच्या छायाचित्रात मुलीचा वर्ण बदलणे म्हणजे ती आहे तशी पुरेशी नाही, असे तिलाच सांगणे होय. पासपोर्टसाठी तर सॉफ्टवेअरने बदललेला चेहरा चालतच नाही.

काम पुरे झाल्यावर चित्र घरातील सर्वांत वडील व्यक्तीस दाखवावे. तिने विनासायास ओळखले, तर छापून घ्यावे. ती क्षणभर घुटमळली, तर दोन पावले मागे यावे. छापलेल्या प्रतीच्या पाठीवर नाव, गाव व साल लिहावयास विसरू नये.