पाच अश्वशक्तीचा पंप आणि आठ प्रोसेसरचा सर्व्हर

वऱ्हाडातील शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. विहिरीचे पाणी तीन अश्वशक्तीच्या पंपापुरतेच असेल, तर पाच अश्वशक्तीचा पंप बसविल्याने ते वाढत नाही. उलट विहीर लवकर उपसली जाते आणि पंप कोरडा चालून जळण्याची भीती राहते. राज्य शासनाच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीसाठी ७.५ अश्वशक्ती असे पंपाचे माप ठरविण्यात आले. त्यामागेही गरजेपुरते साधन, हाच विचार आहे.

संगणकाच्या खरेदीत मात्र हे शहाणपण पुष्कळदा विसरले जाते. अमरावती-अकोल्यातील एखादे महाविद्यालय असो, सहकारी पतसंस्था असो वा रुग्णालय; सर्व्हर घेताना 'जरा जास्तच असू द्या' हा सल्ला हमखास मिळतो. या 'जास्त'ची किंमत कोण आणि कशी चुकविते, हे समजून घेण्यासाठी आभासी यंत्र म्हणजे काय, हे आधी पाहावे लागेल.

एका यंत्रात अनेक यंत्रे

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर असे. प्रवेशाचा एक, हिशेबाचा दुसरा, ग्रंथालयाचा तिसरा. यातील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच काळ रिकामी बसत. यावर उपाय म्हणून एकाच मोठ्या यंत्राची साधनसामग्री वाटून अनेक स्वतंत्र संगणकांचा आभास निर्माण करण्याचे तंत्र पुढे आले. कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच आपल्या महासंगणकांवर तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. साध्या सर्व्हरवर हे तंत्र रुजविण्याचे मोठे श्रेय १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीकडे जाते. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने अशी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि २०१६ मध्ये तिचे केंद्र मुंबईतही सुरू झाले.

वाटणी करणाऱ्या आज्ञावलीला हायपरव्हायझर म्हणतात. ती प्रत्येक आभासी यंत्राला ठराविक प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क देते. हे आकडे माणसाने ठरवायचे असतात आणि घोळ होतो तो येथेच.

जादा देण्याचा मोह

सॉफ्टवेअर विकणारा आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून गरजेपेक्षा मोठे आकडे लिहून देतो. खरेदीची मंजुरी वारंवार मिळत नाही, म्हणून घेणाराही एकदाच भरपूर मागून घेतो. यंत्र कमी पडले तर तक्रार होते. जास्त पडले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा स्थितीत ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने जास्तीकडे झुकावे, यात नवल नाही.

परंतु जास्तीचेही दुष्परिणाम आहेत. भाड्याच्या यंत्राचे तर उघडच आहे. क्लाऊडमध्ये यंत्राचा आकार दुप्पट झाला की भाडेही साधारणतः दुप्पट होते. प्रोसेसरच्या संख्येवर परवानाशुल्क आकारणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्चही त्याबरोबर वाढतो. स्वतःच्या कक्षातील सर्व्हरचे नुकसान मात्र चटकन दिसत नाही. एकाच सर्व्हरवरील दहा आभासी यंत्रांना प्रत्येकी ८ प्रोसेसर दिले आणि मूळ यंत्रात ते ३२ च असले, तर ८० जण ३२ खुर्च्यांसाठी रांगेत उभे राहतात. आठ प्रोसेसरच्या यंत्राला एकाच वेळी अनेक खुर्च्या रिकाम्या लागतात, त्यामुळे त्याला कित्येकदा छोट्या यंत्रापेक्षा अधिक काळ ताटकळावे लागते. प्रोसेसर वाढवूनही काम मंदावले, असा उलटा अनुभव येतो तो यामुळे. मेमरी प्रमाणाबाहेर वाटली, तर टंचाईच्या वेळी हायपरव्हायझर तिचा काही भाग डिस्कवर हलवितो आणि मग सर्वांचाच वेग खालावतो. शिवाय गरज नसताना घेतलेला दुसरा सर्व्हर वीज खातो व उष्णता ओकतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या अकोल्यात त्याला थंड ठेवण्याचा खर्च वेगळा सांगावयास नको.

मोजमाप कसे करावे?

अंदाजाऐवजी मोजमाप, हाच यावरील उपाय. किमान ३० दिवस प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचा वापर नोंदवावा आणि त्यात महिनाअखेरीचे दिवस आलेच पाहिजेत. पतसंस्थेचे यंत्र १० तारखेला शांत असेल, ३१ तारखेला नसेल.

केवळ सरासरीवर विसंबू नये. सरासरीत रात्रीची शांतता आणि दुपारची गर्दी एकत्र मिसळते. त्यापेक्षा ९५ टक्के वेळा वापर ज्या पातळीच्या आत राहिला, ती पातळी पाहावी. समजा, एका महाविद्यालयाच्या प्रवेशप्रणालीला ८ प्रोसेसर व ३२ जीबी मेमरी दिली आहे आणि ही पातळी १५ टक्के आली. म्हणजे प्रत्यक्ष गरज १.२ प्रोसेसरची. यंत्र ६० टक्क्यांपर्यंतच भरावे, बाकी मोकळीक असावी असे ठरविले, तर २ प्रोसेसर पुरतात.

मेमरीचे माप थोडे फसवे असते. मोकळी मेमरी कार्यप्रणाली स्वतःच तात्पुरत्या साठ्यासाठी वापरते, त्यामुळे 'मेमरी ९० टक्के भरली' असे दिसले तरी गरज तेवढी असेलच असे नाही. डेटाबेसला जेवढी द्यावी तेवढी तो व्यापतो. म्हणून भरलेल्या मेमरीचा आकडा पुरेसा नसतो. प्रत्यक्ष वापरात असलेली मेमरी किती आणि डिस्ककडे वारंवार धाव घ्यावी लागते काय, ही दोन्ही उत्तरे शोधावी लागतात.

निकालाचा दिवस, मुदतीचा दिवस

इथवर हिशेब सरळ आहे. खरी परीक्षा पुढे आहे. याच महाविद्यालयात वर्षातून चार दिवस प्रवेशाची झुंबड उडते आणि ८ प्रोसेसरचा वापर ७० टक्क्यांवर जातो, असे धरू. चार दिवस म्हणजे वर्षाचा जेमतेम १ टक्का. वर्षभराच्या ९५ टक्क्यांच्या मापात हे दिवस दिसतच नाहीत. कागदावर अगदी अचूक दिसणारी कपात नेमक्या त्याच दिवशी विद्यार्थ्याला दाराबाहेर उभे करील.

हा धोका काल्पनिक नाही. १६ जुलै २०२१ रोजी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा निकालाची संकेतस्थळे काही तास उघडत नव्हती. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे जिल्हे मिळून मंडळाचा अमरावती विभाग होतो. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही याच पाच जिल्ह्यांचे. निकालाची घटिका येते तेव्हा पाचही जिल्ह्यांतील घरे एकाच क्षणी एकच पान उघडू पाहतात. खरिपाच्या पीकविम्याचेही तसेच. ३१ जुलै ही मुदत जवळ येते तसा अर्जांचा ओघ वाढतो. २०२३ मध्ये ही मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली आणि त्या हंगामात राज्यातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले. कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याने पेरणीतून वेळ काढून सेवा केंद्र गाठावे आणि पडद्यावर चक्र फिरत राहावे, यात त्याचा दिवस बुडतो. मुदत टळली तर हंगामाचे संरक्षणच जाते.

म्हणून मोजणीच्या आलेखाशेजारी दिनदर्शिका ठेवली पाहिजे. निकाल, प्रवेश, मुदत, वेतन, ताळेबंद यांच्या तारखा आधीच ठाऊक असतात. त्या दिवसांसाठी वर्षभर मोठे यंत्र बाळगण्याची गरज नाही. वरच्या उदाहरणात गर्दीची गरज ५.६ प्रोसेसरची आहे. ६० टक्क्यांच्या नियमाने सव्वानऊच्या आसपास. एरवी २ प्रोसेसरचे एक यंत्र चालवावे आणि चार दिवस तशीच आणखी चार जोडून येणारे काम पाचांत वाटून द्यावे. ८ प्रोसेसर वर्षभर म्हणजे २,९२० प्रोसेसर-दिवस. नव्या रचनेत ७३० अधिक ३२, म्हणजे ७६२. खर्च जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो आणि गर्दीच्या दिवशी हाताशी ८ ऐवजी १० प्रोसेसर असतात! काटकसर आणि सोय येथे एकमेकींच्या आड येत नाहीत.

अर्थात डेटाबेस असा सहज पाचांत वाटता येत नाही. त्याचे यंत्र गर्दीच्या आधीच वाढवून, कृत्रिम ताण देऊन तपासून घ्यावे लागते.

कपात करताना

एका वेळी एकाच यंत्राला हात लावावा. प्रोसेसर किंवा मेमरी कमी करण्यासाठी यंत्र सहसा बंद करावे लागते, म्हणून रात्रीची किंवा सुटीची वेळ निवडून संबंधितांना तसे कळवावे. मेमरी घटविण्यापूर्वी डेटाबेस व जावा प्रणालींनी स्वतःसाठी राखून ठेवलेला हिस्सा कमी करावा. नाहीतर त्या जुन्याच हिशेबाने चालतात आणि यंत्र कोलमडते. डिस्क वाढविणे सोपे, आक्रसणे अवघड. म्हणून ती सुरुवातीस लहान ठेवावी. जुने आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे गरज पडल्यास परत फिरता येते. बदलानंतर प्रोसेसरचा आलेख पाहून थांबू नये. पान उघडण्यास पूर्वीएवढाच वेळ लागतो काय, हेही तपासावे. कारण वापरणाऱ्याला ठाऊक असते ते तेवढेच.

चाचणीसाठीची यंत्रे हा सर्वांत सोपा आरंभ. आठवड्याचे तास १६८. सहा दिवस रोज दहा तास काम धरले तरी ६० होतात. भाड्याचे यंत्र उरलेले १०८ तास बंद ठेवले, तर त्या काळाचे प्रोसेसर-मेमरीचे भाडे वाचते. डिस्कचे तेवढे चालू राहते.

हे काम एकदा करून संपणारे नाही. नवा अभ्यासक्रम येतो, पतसंस्थेची शाखा वाढते, एखादी प्रणाली कुणी वापरीनासे होते. दर तीन महिन्यांनी आकडे पुन्हा पाहावेत आणि प्रत्येक यंत्रापुढे ते कशासाठी आहे व त्याची जबाबदारी कुणाची, हे लिहिलेले असावे. ज्याचे नाव सांगता येत नाही, ते यंत्र बहुधा कुणाच्याच कामाचे नसते. मात्र ते बंद करण्यापूर्वीही दिनदर्शिका एकदा चाळावी. कदाचित ते वर्षातून एकदाच, निकालाच्या दिवशी लागणारे असेल.